कामातून भेटणारी माणसे आणि त्यांच्याविषयीच्या नोंदी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी बँकेतून निवृत्त झालेली, फोंडा तालुक्यात राहणारी आपली एक नियमित वाचक आहे. गेल्या काही वर्षांत एक विसंगती सतत डोळ्यांत भरते. बँक असो, विमा कार्यालय असो, सोन्याचांदीचे दुकान असो की दुचाकींची शोरूम असो, आपल्या वाढदिवशी सकाळीच मोबाइलवर नावानिशी शुभेच्छा येतात. परंतु त्याच ठिकाणी प्रत्यक्ष जावे, तर वर्षानुवर्षे येणाऱ्या माणसालाही मान वर न करता खाते क्रमांक विचारला जातो. माहिती साठवण्याची सोय पूर्वी कधी नव्हती एवढी झाली आहे आणि माणूस ओळखण्याची सवय मात्र मागे पडत चालली आहे. कामानिमित्त भेटणाऱ्या माणसांच्या घरच्या, प्रकृतीच्या, सुखदुःखाच्या गोष्टी लक्षात ठेवणे हा कामाचाच भाग आहे, तो शिकता येतो, नव्या कर्मचाऱ्यांना तो शिकवला पाहिजे आणि त्याची मर्यादाही त्यांना सांगितली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी हा पत्रप्रपंच.

हा विषय निघाला की ‘काहींची स्मरणशक्तीच तशी असते’ असे म्हणून तो तिथेच मिटवला जातो. माझा अनुभव वेगळा आहे. ‘यांना सगळा बाजार पाठ आहे’ असे ज्यांच्याविषयी म्हटले जाई, ती माणसे बहुधा लिहून ठेवणारी होती. यात मला आधी आठवतात ते पिग्मीचे एजंट. पिग्मी ठेवीची योजना उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली. बँकेचे प्रतिनिधी दारोदार जाऊन अगदी दोन आण्यांपासून रोजची बचत गोळा करीत. पुढे ती पद्धत इतर बँकांनी आणि पतसंस्थांनी उचलली व गोव्याच्या बाजारपेठांत ती चांगली रुजली. आमच्या शाखेचे एक पिग्मी एजंट रोज संध्याकाळी फोंड्याच्या बाजारात फेरी मारीत. त्यांच्या शर्टाच्या खिशात रबर लावलेली एक लहानशी वही असे. तिच्यात खातेदाराच्या नावासमोर पेन्सिलीने दोन-चार शब्द लिहिलेले असत: ‘मुलगा बोटीवर, मे महिन्यात येणार’, ‘आईचे डोळ्याचे ऑपरेशन, बांबोळी’, ‘गुरुवारी दुकान बंद’, ‘चवथीला काणकोणला’. दुकानाची पायरी चढण्याआधी ते वहीवर एक नजर टाकीत, वही खिशात ठेवीत आणि मग आत जाऊन विचारीत, “पूत बरो आसा मगो?” पैसे घेऊन, पावती देऊन पायरी उतरले, की नवे काही कळले असेल ते पुढच्या दुकानात शिरण्याआधीच उभ्या उभ्या टिपून ठेवीत. पेन्सिल वापरण्याला कारण होते. मुलगा येऊन परत बोटीवर गेला, की जुने शब्द खोडून नवे लिहिता येत. ती वही त्यांनी मला स्वतःहून दाखवली होती आणि तिच्यात लपवण्यासारखे काहीही नव्हते.

पायरी उतरताच लिहिण्याची त्यांची सवय शास्त्राला धरून होती. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरांच्या याद्या तो पाठ करी आणि किती वेळाने त्यातले किती उरते ते मोजी. पाठ केलेल्यापैकी निम्म्याहून अधिक भाग पहिल्या तासाभरातच निसटतो आणि त्यानंतरची घसरण हळूहळू होते, असे त्याला आढळले. अर्थ असलेल्या गोष्टी यापेक्षा अधिक टिकतात हे खरे. परंतु अनोळखी माणसाचे नाव ऐकताना आपल्यासाठी ते जवळजवळ अर्थहीन अक्षरांसारखेच असते. १९८७ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी याचीच पारख केली. त्यांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवले आणि एकच शब्द कधी त्या चेहऱ्याचे आडनाव म्हणून, तर कधी त्याचा व्यवसाय म्हणून सांगितला. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर, ‘हे सुतार आहेत’ म्हणजे एकदा आडनाव सुतार आणि एकदा धंदा सुताराचा. शब्द तोच असूनही व्यवसाय म्हणून सांगितलेला लोकांना सहज आठवला आणि आडनाव म्हणून सांगितलेला निसटला. कारण व्यवसाय म्हटला की डोळ्यांसमोर रंधा येतो, लाकडाचा भुसा येतो, माणूस काहीतरी करताना दिसतो. आडनावाला असे काहीच चिकटत नाही. म्हणून माणसाचे नाव आठवत नाही याची शरम बाळगण्याचे कारण नाही. “माफ करा, नाव पुन्हा सांगता का?” असे सरळ विचारावे. त्याच्या मुलाची परीक्षा, त्याची बाग, त्याचे दुखणे यांतले काहीतरी लक्षात ठेवले, तर नावही हळूहळू त्याच्यामागून येते. टिपून ठेवलेले पुन्हा न वाचता आठवून पाहावे, आधी थोड्या वेळाने आणि मग वाढत्या अंतराने. नावे लक्षात राहण्यासाठी ही रीत उपयोगी पडते, हेही १९७८ च्या एका प्रयोगात दिसून आले आहे.

गोव्यात नावांची अडचण थोडी निराळी आहे. एकेका शाखेत नाईक, गावकर, गावडे, फर्नांडिस, डिसोझा यांची खाती एवढी असतात की नाव आणि आडनाव दोन्ही जुळणारे चार खातेदार सहज निघतात. कागदावरचे नाव एक आणि घरी हाक मारण्याचे दुसरे, हेही आपल्याकडे नेहमीचेच. त्यामुळे गावात माणूस ओळखला जातो तो वाड्यावरून, घरावरून, धंद्यावरून. शिरोडकर, बोरकर, मडकईकर, वेरेकर अशी गावावरून आलेली आडनावे तर बोलणे सुरू करायला आयतीच मदत करतात. मात्र इथे एक सावधगिरी हवी. “मूळ गाव कुठले?” हा प्रश्न आपल्याकडे फार लवकर कुलदेवतेपर्यंत आणि तिथून जातीपर्यंत जातो. काउंटरवर बसलेल्याने गावापाशी थांबावे. पुढचे समोरच्याने आपणहून सांगितले तर ऐकावे आणि ते कुठेही लिहू नये.

लिहून ठेवलेली आपुलकी खोटी असते, असा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. तो मला मुळीच पटत नाही. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या घराण्यांच्या वह्या असतात. आपण तिथे गेलो की ते गाव आणि आडनाव विचारतात, वही काढतात आणि आपल्या आजोबांचे, पणजोबांचे नाव वाचून दाखवतात. त्या क्षणी, हे गुरुजींना तोंडपाठ नव्हते म्हणून कोणाला वाईट वाटल्याचे मी पाहिलेले नाही. उलट माणसे गहिवरतात, आपल्या हाताने नव्या पिढीची नावे त्यात भरतात आणि खाली सही करतात. ती वही यजमानासमोर उघडली जाते, त्याच्यादेखत वाचली जाते आणि तो स्वतः तिच्यात भर घालतो, यामुळे तिच्यावर विश्वास बसतो. याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील जेम्स फार्ली. रुझवेल्ट यांच्या १९३२ च्या निवडणूक प्रचाराची धुरा वाहणारे हे गृहस्थ भेटणाऱ्या माणसांच्या घरच्या माहितीची कार्डे ठेवीत आणि पुढच्या भेटीआधी ती वाचून जात. ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला त्या कार्डाची गंधवार्ताही नसे. निवडणुका जवळ आल्या की आपल्याकडेही घरातल्या आजाऱ्याची आठवणीने चौकशी होते आणि निकालानंतर ती थांबते, हे प्रत्येक वाड्यावरचा मतदार जाणतो. लिहिणे दोन्हीकडे आहे. ते कोणासमोर उघडता येते, यात सारा फरक आहे.

अशा माहितीचा उपयोग केवळ गोड बोलण्यापुरता असता, तर मी एवढे लिहिले नसते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणी बंद झाल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला, आणि डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील घराघरांसमोर खनिज वाहणारे ट्रक कामावाचून उभे राहिले. त्या पट्ट्यातल्या शाखांतून ट्रकची कर्जे शेकड्यांनी दिलेली होती. कागदावर सगळे कर्जदार सारखेच होते: एक ट्रक, एक हप्ता, एक जामीनदार. परंतु कोणाच्या घरी पोफळीचे कुळागर आहे, कोणाचा मुलगा गल्फात असून महिन्याला पैसे पाठवतो, कोणी घरातले सोने आधीच गहाण ठेवले आहे आणि कोणाकडे त्या एका ट्रकवाचून दुसरे काहीच नाही, हे कागद सांगत नव्हते. ज्या अधिकाऱ्याला हे ठाऊक होते, तो कोणाला तगादा लावायचा, कोणाला हप्ते बांधून द्यायचे आणि कोणाच्या घरी स्वतः जाऊन धीर द्यायचा, हे ठरवू शकत होता. ज्याला ठाऊक नव्हते, तो सर्वांना एकाच मजकुराची नोटीस पाठवीत होता. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या, तोवर यांतले बरेच अधिकारी बदलून गेले होते. त्यांच्याबरोबर ती माहितीही गेली, आणि नव्या माणसांना तीच घरे पहिल्यापासून समजून घ्यावी लागली. माणसांची माहिती असणे म्हणजे न्यायाने वागता येणे, हे मी त्या वर्षांत शिकले.

आता दुसरी बाजू. आमच्या शेजारच्या एका बाईंचे यजमान वारले. त्यांची ठेव एका वित्तसंस्थेत होती. संस्थेचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. वारसाचा दावा १५ दिवसांत निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांसाठी दंडक आहे, परंतु त्या बाईला दर वेळी नव्या माणसासमोर पतीच्या मृत्यूची हकिगत पहिल्यापासून सांगायला लावू नये, असा नियम कुठेच नाही. त्या गेल्या तेव्हा एका खिडकीवर दाखला मागितला, दुसरीकडे ‘साहेब स्वतः का आले नाहीत?’ असे विचारले, तिसरीकडे अर्ज बदलून आणायला सांगितले. प्रत्येक ठिकाणी त्यांनी तेच वाक्य पुन्हा उच्चारले. ठेव अखेर मिळाली. काही महिन्यांनी यजमानांच्या जन्मतारखेला त्यांच्या जुन्या मोबाइलवर, जो आता त्यांच्या मुलीकडे होता, त्याच संस्थेचा संदेश आला: दीर्घायुष्य लाभो. संस्थेच्या संगणकात जन्मतारीख होती. मृत्यूचा दाखला दुसऱ्या विभागाच्या फायलीत होता. ‘खातेदार दिवंगत. पत्नी येतात. पुन्हा हकिगत विचारू नये.’ एवढी तीन वाक्ये पहिल्याच दिवशी कोणी खात्यावर नोंदवली असती, तर त्या मायलेकींच्या वाट्याला हे आले नसते. संगणकाला दोष देऊन मी थांबणार नाही, कारण ही तीन वाक्ये लिहिणे संगणकाचे काम नव्हते. पहिल्या खिडकीवरच्या माणसाचे होते.

काय लिहावे आणि काय लिहू नये, याची माझी कसोटी एकच आहे, आणि ती मी माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला सांगत असे. जे त्या माणसासमोर मोठ्याने वाचून दाखवताना आपल्याला संकोच वाटणार नाही, तेवढेच लिहावे. मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला, गुडघ्यामुळे जिना चढता येत नाही, कोकणीतून किंवा मराठीतून बोललेले आवडते, मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नाही: हे सारे वाचून दाखवता येते आणि ऐकणाऱ्याला बरे वाटते. नवरा पितो, सुनेशी पटत नाही, भाऊबंदकीचा दावा चालू आहे, अमुक देवस्थानचे महाजन आहेत म्हणजे अमुक जातीचे: हे वाचून दाखवता येत नाही, म्हणून ते वहीत येता कामा नये, मग ते कितीही खरे असो. एक भाग याहून अवघड आहे. आजार, गर्भारपण, कोणाचे बुडालेले कर्ज या गोष्टी माणूस एका विशिष्ट कामासाठी, एका विशिष्ट खिडकीवर सांगतो. तिथे त्या लक्षात ठेवणे योग्य. परंतु त्याच बाईला शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात गाठून चार माणसांत ‘रिपोर्ट काय आला?’ असे विचारणे हा विश्वासघात आहे, मग विचारण्यामागे कितीही कळकळ असो. आपले राज्य लहान आहे. एका गावात कळलेली गोष्ट दुसऱ्या गावात पोहोचायला एक लग्न किंवा एक जत्रा पुरते. त्यामुळे इथे काउंटरवर बसणाऱ्याने मोठ्या शहरातल्यापेक्षा अधिक जपून राहिले पाहिजे.

कायद्याची दिशाही हीच आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आपल्याविषयी कोणती माहिती ठेवली आहे हे जाणून घेण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि काही बाबतीत पुसून टाकायला लावण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. केवळ कागदावर राहिलेल्या वहीला तो लागू नाही. पण त्याच नोंदी उद्या संगणकात चढवल्या, तर त्या त्याच्या कक्षेत येतात. हल्ली कर्मचारी अशा गोष्टी स्वतःच्या मोबाइलमध्ये, नाहीतर शाखेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात, ते मला विशेष चिंतेचे वाटते. गटावर टाकलेली गोष्ट कोणाकोणाच्या फोनमध्ये राहिली याचा हिशेब कोणीच देऊ शकत नाही, आणि नोकरी सोडून गेलेला माणूस ती बरोबर घेऊन जातो. असल्या नोंदी गटावर टाकण्याची प्रथा प्रत्येक शाखाधिकाऱ्याने ताबडतोब बंद करावी.

बदल्यांविषयी लिहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. अधिकारी बदलून जाताना चार्ज देतो-घेतो, तेव्हा तिजोरीच्या किल्ल्या, रोकड, शिक्के, कोरी चेकबुके, थकीत कर्जांची यादी या सगळ्यांची मोजदाद होते आणि दोघांच्या सह्या होतात. माणसांची ओळख करून देण्यासाठी मात्र त्या वेळापत्रकात तासभरही नसतो. परप्रांतातून आलेल्या तरुण अधिकाऱ्यांवर यावरून टीका होते, ती मला अन्यायाची वाटते. त्यांना इथली भाषा येत नाही हा त्यांचा दोष नाही, आणि शिकण्याची इच्छा असलेले त्यांच्यात पुष्कळ असतात. आमच्या शाखेत बिहारमधून आलेला एक तरुण अधिकारी पिग्मी एजंटांबरोबर आठवडाभर संध्याकाळी बाजारात फिरला होता. चवथीच्या आधी माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या आराशीचा, बाजार भरला तेव्हा तो तिथल्या बायकांना नावाने हाक मारीत होता आणि त्या त्याला माटोळीला बांधायच्या एकेका फळाचे नाव शिकवीत होत्या. त्याला कोणी सोबत नेले म्हणून हे घडले. इतरांना ते भाग्य लाभत नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. जाणाऱ्या अधिकाऱ्याने येणाऱ्याला बरोबर घेऊन निदान दोन संध्याकाळी बाजारपेठेत आणि एक सकाळ जवळच्या वाड्यांवर घालवावी, खातेदारांसमोरच त्यांची ओळख करून द्यावी आणि सांगायचे ते त्यांच्यादेखतच सांगावे. स्वतःची वही असेल, तर तिच्यातले ज्याचे त्याला विचारून पुढच्याकडे सोपवावे आणि उरलेले फाडून टाकावे. वयस्क, आजारी आणि नुकतेच घरचे माणूस गमावलेले खातेदार यांच्यासाठी प्रत्येक शाखेत एक ठरावीक कर्मचारी असावा, म्हणजे त्यांना दर वेळी पहिल्यापासून सांगावे लागणार नाही. यातल्या कशालाही पैसा लागत नाही. फोंडा, डिचोली, कुडचडे, म्हापसा येथील शाखाधिकाऱ्यांनी वरून परिपत्रक येण्याची वाट न पाहता हे आपल्या अखत्यारीत सुरू करावे आणि पतसंस्थांच्या संचालक मंडळांनी आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी त्यांना आपल्या दैनिकामार्फत माझी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी
फोंडा, गोवा